परतीचे पाणी

“झोपलंय परत,” वहिनी दारातूनच म्हणाली. “पहाटेपासून हूं नाही की चूं नाही.”

तिने स्वतःच्या स्वेटरवर दादाचा स्वेटर चढवला होता, त्यावर शाल आणि कानांवरून मफलर. धाकट्याने हत्यारांची पिशवी खाली ठेवली, हातमोजे काढले आणि तळवे एकमेकांवर घासले. बाहेर होता तेवढाच गारठा घरात होता.

“वहिनी, चालतंबोलतं गाठोडं दिसताय.”

“हसा, हसा. संध्याकाळी तुमचा पुतण्या येतोय गाडी घेऊन. गाठोडं उचलायला.”

धाकट्याचे हसू तिथेच थांबले. पुतण्याने मागच्या खेपेलाच सांगून ठेवले होते. घर ऊबदार ठेवणारे यंत्र पुन्हा बंद पडले तर हे घर बंद करायचे आणि आईने त्याच्याकडे राहायला यायचे, कायमचे. मुलगा वाईट नव्हता. सत्तरी गाठलेली आई गोठलेल्या घरात एकटी आहे म्हटल्यावर कोणत्या मुलाला झोप लागेल?

“तुम्ही काय म्हणालात त्याला?”

“काय म्हणणार? सून चांगली आहे, खोली चांगली आहे, खिडकीत ऊन येतं. पण तिथं मला चमचा हवा असला तर विचारावा लागतो, कुठे आहे म्हणून.” तिने मफलर घट्ट केला. “संध्याकाळपर्यंत चालू झालं तर बघा. नाही झालं तरी राग नाही, भाऊजी. बॅग भरलीय मी.”

साठी उलटून गेली तरी गल्लीत सगळे त्याला धाकटाच म्हणत. नाव दादाने पाडलेले होते आणि दादा गेल्यावरही ते राहिले होते. उभे आयुष्य त्याने लोकांच्या विहिरींत पंप सोडण्यात आणि बिघडलेले पंप वर काढण्यात घालवले होते. या घरातले यंत्र दादाने हौसेने आणले तेव्हा पाण्याची सगळी जोडणी त्यानेच केली होती.

यंत्र मागच्या खोलीत होते, कपाटाएवढे. त्याचे काम तसे सोपे होते. वर कितीही कडाका पडला तरी जमिनीतल्या खोल पाण्याला त्याचा पत्ता नसतो. ते बारा महिने एकाच तापमानाचे राहते. घरापुढच्या बोअरमधला पंप ते पाणी वर काढी, यंत्र त्यातली ऊब शोषून खोल्यांना देई आणि गार झालेले पाणी घरामागच्या जुन्या विहिरीत सोडले जाई. तिथून ते पुन्हा जमिनीत मुरे. अट एकच होती, पाणी भरपूर यायला हवे. कमी पडले तर ते आतल्या नळ्यांत गोठून नळ्या फुटतील, म्हणून यंत्र स्वतःहून बंद होई. आणि पाणी कमी पडत होते, कारण बोअरची पातळी वर्षागणिक खाली चालली होती. पंप तोच होता, चढ वाढला होता.

धाकट्याने आधी करण्यासारखे सगळे केले. गाळणी काढून ब्रशने घासली. झडपा उघडून पाहिल्या. दाबाच्या स्विचची टोके कानशीने साफ केली. यंत्र सुरू झाले, घरघरले, आणि वहिनीने आशेने मफलर सोडेपर्यंत खट्‌कन बंद पडले.

“बघा,” ती म्हणाली, “माझ्या मफलरावरच नजर आहे त्याची.”

दुपारी पुतण्याचा फोन आला. “काका, निघतोय मी. येताना मोठा पंप घेऊन येऊ का? दुकानात विचारलंय.”

“नको रे. मोठा पंप म्हणजे मोठं तोंड. बोअरमध्ये पाणी आहे तेवढंच आहे. घटाघटा पिऊन टाकील आणि मग हवा चोखत बसेल.”

“मग दुसरं काही आहे का?”

“बघतो,” धाकटा म्हणाला.

बघायचे काही नव्हते. उपाय त्याला सकाळपासून माहीत होता. खरे तर जोडणी केली त्याच दिवशी माहीत होता. तो मागच्या दाराने बाहेर पडला आणि विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसला.

घरातून आलेला परतीचा नळ कठड्यावरून जाऊन विहिरीच्या तोंडाशीच संपत होता. तिथून पाणी मोकळे सुटायचे आणि तीन पुरुष खोल विहिरीत धबधब कोसळायचे. जोडणीच्या वेळी धाकट्याने सांगितले होते, नळ खाली पाण्यात बुडवू. दादा म्हणाला, “मग पाणी परत गेलं की नाही, हे मला कळणार कसं?”

दादा वाचनालयात ग्रंथपाल होता. माणसांना पुस्तके द्यायची आणि ती परत आली का पाहायचे, हाच त्याचा जन्माचा धंदा. दिलेले परत आलेले डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्याच्या जिवाला चैन पडत नसे. जमिनीकडून पाणी घेतले आहे तर ते जमिनीला परत जाताना दिसले पाहिजे, ऐकू आले पाहिजे. शेवटी धाकट्याने नळ वरच ठेवला. थोरल्या भावापुढे किती ताणायचे? पुढे हिवाळ्यात दादा खुर्ची टाकून इथे बसे आणि कोणी आले की पाणी दाखवी, जणू पाहुण्यांना धबधबा दाखवायला आणले आहे.

दादा गेला त्याला दोन हिवाळे झाले होते. तेव्हापासून यंत्राची कुरकुर ऐकून धाकटा कितीदा तरी आला, पण प्रत्येक वेळी त्याने बाकी सगळे खोलून पाहिले. नळाला हात लावला नाही. एकट्या बाईला सोबत म्हणून तो आवाज तरी आहे, असे त्याला वाटे. तो बंद करायला आपण कोण?

वहिनी चहाचे दोन कप घेऊन आली. एक त्याच्या हातात दिला आणि कठड्यावर त्याच्याशेजारी टेकली.

“भाऊजी, तुम्हाला खोटं बोलता येत नाही. कान हलतात तुमचे. काय आहे ते सांगा.”

“एक उपाय आहे,” तो कपात बघत म्हणाला. “पण दादाचा नळ बुडवावा लागेल. पार पाण्याखाली.”

“मग?”

“मग आवाज बंद होईल, वहिनी.”

वहिनी नळाच्या तोंडाकडे बघू लागली. धाकट्याला वाटले, उगाच बोललो. त्याने घाईघाईने पुढे जोडले, “राहू दे. आणखी काहीतरी बघू आपण.”

“बुडवा,” ती म्हणाली.

“वाईट वाटेल तुम्हाला.”

“मला?” वहिनीने कप खाली ठेवला. “अहो, तो मेला आवाज मला एक दिवस आवडला नाही! आत काम करत असले आणि तो सुरू झाला की वाटायचं, पाऊस आला. दोरीवरचे कपडे काढायला धावायची मी. दरवेळी. इतकी वर्षं झाली तरी पाय आपले उठायचेच. आणि हे इथं खुर्चीत बसून विचारायचे, ‘काय गं, धावतेस का?’”

धाकटा तिच्याकडे बघतच राहिला. “दादाला कधी बोलला नाहीत?”

“काय बोलायचं? लहान मुलासारखे खूश असायचे.”

“आणि तो गेल्यावर?”

“गेल्यावर तुम्ही होतात की.” ती पदराने डोळे पुसते आहे की हसते आहे, ते त्याला कळेना. “दर खेपेला येता, सगळं खोलता आणि मग इथं येऊन बसता. म्हटलं, धाकट्या भावाला थोरल्याची एवढी एक आठवण आहे. आपण कशाला बंद करा म्हणायचं? असू दे. धावीन कपडे काढायला.”

“म्हणजे मी तुमच्यासाठी ठेवला,” धाकटा म्हणाला, “आणि तुम्ही माझ्यासाठी.”

“आणि मधल्यामधे यंत्राचा जीव गेला. उठा आता. चहा निवला तुमचा.”

पुतण्या आला तेव्हा काका विहिरीवर ओणवे होऊन नळाला खाली वळवणारा बाक जोडत होते आणि आई दोरखंडाची गाठ तपासत होती. तो ऑफिसच्या चकचकीत बुटांनी तसाच मागच्या अंगणात आला.

“आई, आत हो. थंडीत काय करतेस?”

“तुझ्या बाबांचा नळ बुडवतोय. धर हे.”

“बाबांचा नळ?” तो थबकला. “काका, बाबा तर म्हणायचे, याला हात लावायचा नाही.”

“बाबा गेले,” वहिनी शांतपणे म्हणाली. “मी आहे अजून. धर.”

त्याने दोरखंड धरला. धाकट्याने जोडाला सोल्युशन लावता लावता सांगितले, “हे बघ, कप्पीवरून दोर टाकला आणि दोन्ही टोकांना बादल्या बांधल्या, तर खाली जाणारी भरली बादली दुसरीला वर ओढते. बरोबर? बाबा भरलेली बादली वरूनच ओतून देत होते. मग दुसरी पंपानं एकट्याच्या मनगटावर ओढायची. नळ पाण्यात बुडाला, आत हवा राहिली नाही, की खाली जाणारं पाणी वर येणाऱ्याला ओढून घेतं. चढ असतो तेवढाच, पण पंपाला तो कमी लागतो.”

“आणि आहे त्याच पंपावर भागेल?”

“भागायला हवं.”

पुतण्याने बाह्या सरसावल्या. नळाचा लांब तुकडा दोराला बांधून ते दोघे हळूहळू खाली सोडू लागले. नळ सतत भरलेला राहावा म्हणून धाकट्याने त्याचे टोक अरुंद केले होते. वहिनी बॅटरीचा झोत धरून वरून हुकूम सोडत होती. “डावीकडे. अरे, तुझं डावं! लग्नातही असाच उलटा फिरत होतास.”

उजेड उतरता उतरता पंप सुरू केला. विहिरीत बुडबुड्यांची रांग उठली. बराच वेळ उठत राहिली, मग विरळ झाली, मग थांबली. तिघेही मागच्या खोलीत यंत्रासमोर उभे राहिले. दाबाचा काटा हळूहळू खाली आला आणि पाणी मोजणारा काटा वर चढू लागला. तो हिरव्या खुणेपाशी आला, तिच्यावरून पुढे गेला आणि तिथेच राहिला.

थोड्या वेळाने वहिनीने मफलर सोडला. मग शाल. मग दादाचा स्वेटर काढून तिने त्याची नीट घडी घातली.

“आई,” पुतण्या म्हणाला, “खरी परीक्षा पहाटे आहे. मी आज राहतो. सकाळपर्यंत चाललं, तर मग… तर मग काही म्हणत नाही मी.”

“राहा की. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तुझंही समाधान होत नाही. त्यांचाच मुलगा तू.”

धाकटा घरी गेला, पण पहाटे त्याला राहवेना. अंधार विरळ होत होता तेव्हाच तो मागच्या फाटकाने आत आला आणि जागीच उभा राहिला. अंगणात चिडीचूप होते. इतकी वर्षे आवाज म्हणजे यंत्र चालू आणि शांतता म्हणजे बंद, हेच त्याच्या कानांना माहीत होते. बंद पडले, त्याला वाटले. पुतण्या आत बॅग उचलत असेल.

तो तसाच विहिरीपाशी गेला. रात्री दहिवर पडून गोठले होते. गवत पांढरे झाले होते, कठडा पांढरा, दोरखंडाचे वेटोळेही पांढरे. फक्त परतीचा नळ भिंतीपासून कठड्यापर्यंत आणि कठड्यावरून खाली दिसेल तिथपर्यंत काळा आणि ओला होता. त्याच्यावर दहिवराचा कणही टिकला नव्हता.

स्वयंपाकघरात दिवा लागला. वहिनीची सावली काचेवरून इकडून तिकडे गेली. तिने चमचा कुठून तरी न बघताच काढला असावा. कपात तो फिरल्याची किणकिण बाहेरपर्यंत आली.

धाकट्याने हातमोजा काढून तळवा नळावर टेकवला. आतून पाणी जात होते. घराला ऊब देऊन निघालेले, तरी बाहेरच्या गारठ्याहून थोडे कोमट. तो वाकला आणि त्याने नळाला कान लावून पाहिला. काही ऐकू आले नाही. तरी कान काढून घ्यायला त्याने बराच वेळ लावला.