शिमग्याचा दाखला

मी शिक्का बोलतोय. पूर्णगडच्या वाटेवरच्या एका हायस्कुलाचा रबरी शिक्का. रत्नागिरीच्या बाजारात एका म्हाताऱ्या कारागिराने मला कोरलं, लाकडी मूठ बसवली आणि मी शाळेच्या कारकुनाच्या, आप्पांच्या हाती आलो. शाईची गादी सुकलेली असली की आप्पा माझ्यावर 'हाऽ' करून वाफ सोडत आणि मग ठोकत. ती ऊब मला आवडायची.

महिपत मुंबईत एका कंपनीत होता. दरवर्षी शिमग्याला गावी यायचा. पालखी नाचवायला येतो, असं लोक म्हणत. पण आधी तो शाळेत यायचा. कंपनी त्याला मुलांच्या शिक्षणाचा भत्ता द्यायची, त्यावर कर माफ होता आणि त्यासाठी मार्चअखेर शाळेचा दाखला लागायचा. चिमा आणि शिवा, दोन मुलं, दोन दाखले. 'शिक्षणाचा खर्च वडील करतात', असं त्यावर छापलेलंच होतं. खाली मी.

घरी मात्र तो पैसा पाठवत नसे. त्याची बायको सुंदराबाई लोकांच्या कलमांच्या बागांत राबून मुलांचं भागवायची. मुलींना फी माफ होती. पण वह्या, गणवेश, एसटीचा पास कोण माफ करणार? एका जूनमध्ये ती आली आणि नववीतल्या चिमाचं नाव काढून घेऊन गेली. शाळा सोडल्याच्या त्या दाखल्यावरही मीच उमटलो.

पुढच्या शिमग्याला, एकोणीसशे एकोणनव्वद साली, महिपत आला.

"चिमाचं नाव काढलं?" तो ओरडला. "मला न विचारता? माझी करातली सूट गेली की!"

"अजून परत घेता येईल," हेडमास्तर म्हणाले. "पुस्तकांचं आणि पासाचं तेवढं बघा."

महिपतने मनातल्या मनात हिशेब केला. "नको. सूट मिळायची त्याहून खर्चच जास्त. मुलग्याचाच दाखला द्या."

शिवाची परीक्षा फी भरायला आलेली सुंदराबाई दारातच उभी होती.

"पोरांच्या नावावर पैसं मिळतात तुमाला?"

"पैसे नाय गो. सूट."

"सूट म्हंजे काय ओ, आप्पा?"

आप्पांनी मान खाली घातली. "पोरांना शिकवणाऱ्याला सरकार थोडे पैसे सोडतं, बाय."

"मग मना का नाय सोडीत? पोरांना तर मी शिकवतंय!"

"तुला पगार हाय काय?" महिपत हसला.

हेडमास्तरांनी लेखणी उचलली, शिवाच्या दाखल्यावरचं 'वडील' खोडलं, वर 'आई' लिहिलं आणि सही केली. आप्पांनी मला ठोकलं. इतका नीट मी कधीच उमटलो नसेन.

महिपत तो कागद टेबलावरच टाकून निघून गेला.

सुंदराबाई जिंकली, असं मला त्या दिवशी वाटलं. पण तिच्या हाती काय आलं? महिपत त्यानंतर गावी फिरकलाच नाही. चिमा काजूच्या कारखान्यात बिया फोडू लागली. चिकाने तिची बोटं काळी पडली, असं आप्पा सांगत. मग आप्पाही निवृत्त झाले. वर्षभराने महिपतचा अर्ज टपालाने आला. नव्या कारकुनाने छापील दाखल्यावर शिवाचं नाव लिहिलं, सहीला पाठवलं आणि न वाचताच मला ठोकलं. वडील करतात.

आता माझं रबर चिरलंय. नवा शिक्का आलाय, मी खणात उताणा पडलोय. तुमच्या घरात कुठे माझा ठसा असेल, तर एवढंच करा. त्याच्या वरचा मजकूर वाचा, आणि ज्या बाईने तो खर्च केला तिला एकदा विचारा. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मला एकच बोलणं येत होतं, आणि ते माझ्या अंगावर उलटं कोरलेलं होतं.