ताट आणि वाटी

यंत्र केकाटायला लागलं ते थांबेचना. नाथाजी जिकडं फिरवील तिकडं कुईऽऽ!

"आवं मेजर, सगळ्या रानात सोनंच हाय म्हणायचं का?" बांधावरून कुणीतरी म्हणालं आणि लोक हसले. नाथाजीचे कान तापले.

नाथाजी फौजेत सुरुंग शोधायचा. निवृत्त होऊन सांगलीकडच्या आपल्या गावी परतल्यावर त्यानं धातू शोधायचं स्वतःचं यंत्र घेतलं आणि रानात हरवलेले दागिने तो शोधून देऊ लागला. यंत्राच्या टोकाला लावायच्या चकत्या त्याच्याकडं दोन होत्या. मोठीला तो ताट म्हणे, लहानीला वाटी. कृष्णाकाठच्या गाळाच्या रानात ताट झकास चाले. पण इथं पाचगणीच्या डोंगरावर माती तांबडी, अंगात लोखंड मुरलेली. अशा मातीवर ताट धरलं की सोनं राहतं बाजूला आणि जमीनच ओरडायला लागते. इथं वाटीच हवी, हे नाथाजीनं झोपेतसुद्धा सांगितलं असतं. पण वाटी दिसायला अगदीच किरकोळ. ताट घेऊन उतरलं की लोक कसे अदबीनं बाजूला होतात! म्हणून वाटी घरी कपाटावर राहिली होती.

आणि हरवली होती तीही वाटीच. स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात मालकीण साक्षीचं मंगळसूत्र तुटलं. एक वाटी हाती लागली, दुसरी गेली. मणी वेचू लागायला शेजारी होती ती फक्त मजुरीला येणारी मनुबाई.

हसणं ऐकवेना तसं नाथाजीनं हळूच बटण पिळून यंत्राचा जोर कमी केला. यंत्र गप्प झालं. असं गप्प झालेलं यंत्र बहिरं असतं, हे त्याला ठाऊक होतं. तरी तो सगळे वाफे ऐटीत फिरला.

"हाय का न्हाई, मेजर?" मालक जयराजनं विचारलं.

वाटी घरी राहिली, एवढंच म्हणायचं होतं. पण बांधावर एवढी माणसं उभी!

"रानात न्हाई," नाथाजी खणखणीत आवाजात म्हणाला.

सगळ्यांच्या माना मनुबाईकडं वळल्या.

"परत एकदा बगा की वो," ती म्हणाली.

"मावशी, मशीन खोटं बोलत न्हाई."

मनुबाईनं कमरेची चंची सोडली आणि पानसुपारी मातीत ओतली. मग पदर झटकला. तिला कुणी झटकायला सांगितलं नव्हतं. भाकरीचं रिकामं फडकं उचलून ती निघून गेली.

त्या दिवशी घरी आल्यावर नाथाजीनं आधी कपाटावरची वाटी काढून पिशवीत टाकली. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं तो वाटी घेऊन परत डोंगर चढला. दुसऱ्याच वाफ्यात, पाण्याच्या नळीलगत यंत्र स्वच्छ, एकदाच बोललं. बोटांनी उकरलं तर मंगळसूत्राची वाटी, तांबड्या मातीनं काठोकाठ भरलेली.

जयराज खूश झाला. "घावली न्हवं, बास! मनुबाईला सांगू कवातरी. उगं कालवा कशाला?"

नाथाजी घर विचारत मनुबाईच्या दारात गेला. तिनं काही न विचारता चहा पुढं केला. कप हातात धरून, जमिनीकडं बघत तो पुटपुटला, "मावशी, वाटी घावली. रानातच व्हती. चूक माजी."

"काल तर लय खणखणीत बोलत व्हता," मनुबाई म्हणाली. "आज आवाज कुटं गेला?"

एवढी लाज नाथाजीला उभ्या आयुष्यात वाटली नव्हती. कप पायरीवर ठेवून तो वळला आणि रस्त्यावर गेला. समोर नळावर बायका पाणी भरत होत्या, पलीकडं पारावर माणसं बसली होती. कालच्या बांधावरचीच बरीचशी.

"आयका!" तो ओरडला. "वाटी रानातच व्हती. मावशीनं काय घेतलं न्हाई. काल मशीन खोटं बोललं न्हाई. मी बोललो. मला ठावं व्हतं."

फौजेत हुकूम सोडलेला तो आवाज शेवटी फाटला.  नळाखालची घागर भरून वाहत राहिली.

तो परत आला तेव्हा चहावर साय धरली होती. मनुबाईनं कप उचलला आणि चहा पुन्हा भांड्यात ओतला.

"निवला," ती म्हणाली. "बसा. गरम करून देते."

नाथाजी बाहेरच, पायरीवर बसला.