आपोआप मिटणारं पुस्तक

पुस्तकं घरी आली त्या दुपारी बाबांनी पहिली प्रत उघडलीच नाही, कानाला लावली. डोळे मिटून बराच वेळ तसेच बसले. भिंतीपलीकडे कुणीतरी हलक्या आवाजात गातंय आणि शब्द नीट लागत नाहीयेत, असा चेहरा. मग त्यांनी पुस्तक मांडीवर ठेवलं, तेव्हा उजवा कान निळा झाला होता.

"बाबा, कानाला रंग लागलाय तुमच्या," सून म्हणाली.

"म्हणजे काहीतरी ऐकू आलं असणार."

ती हसली, पण हसता हसताच तिची नजर मुखपृष्ठाकडे गेली. मुखपृष्ठाचा तो निळा तिनंच निवडला होता, दिवे लागायच्या जरासं आधी आभाळ असतं तसा. छापखान्याच्या मालकांनी, ज्यांना सगळे शाईकाका म्हणत, तेव्हाच विचारलं होतं, वर लॅमिनेशनचा पापुद्रा चढवायचा ना? ती म्हणाली होती, नको, कागद हाताला कागदासारखा लागू दे. आता तो कागदासारखा लागत होता, आणि रंगही हाताला लागत होता.

बाबा म्हणजे तिचे सासरे. चाळीस वर्षं ते देवाच्या गोष्टी गाऊन सांगत आले होते. अर्धी गोष्ट बोलायची, अर्धी गायची, आणि धृपद आलं की दोन्ही हात वर करून सगळ्या सभागृहाला सोबत घ्यायचं. घरी त्यांचा सराव चालायचा तेव्हा सून स्वयंपाकघरात असायची. कधी कणीक मळता मळता, कधी भांडी विसळता विसळता ती ऐकायची, आणि हात पुसून मिळेल त्या कागदावर उतरवून ठेवायची. पाकिटांच्या पाठी, कॅलेंडरची उलटलेली पानं, मुलांच्या जुन्या वह्या. वीस वर्षांत त्या चिठ्ठ्यांनी एक ट्रंक भरली होती. त्याच ट्रंकेतून तिनं हे पुस्तक काढलं, स्वतःच, कुणा प्रकाशकाच्या पायऱ्या न चढता. प्रती पन्नास.

घाईचं कारण वेगळंच होतं. मागच्या वेळी सभागृहात बाबा कंदीलवाल्याची गोष्ट गात होते. दाट धुकं, हातात कंदील घेतलेला एक माणूस घरी निघालाय, आणि कंदिलाचा उजेड एकाच पावलापुरता. तो थांबला की धुक्यातून आवाज येतो, थोडं पुढे ये. तो एक पाऊल टाकतो. पुन्हा आवाज येतो. तर बाबा गात गात 'थोडं पुढे' इथवर आले आणि थांबले. लोकांना वाटलं मुद्दाम थांबलेत. सभागृहानंच ओळ पुरी केली. बाबा हसले, पुन्हा 'थोडं पुढे' म्हणाले, आणि पुन्हा थांबले. नंतर काहीच आलं नाही. ते मंचावरून उतरले तेव्हा प्रत्येक पायरी पायानं चाचपून उतरले.

डॉक्टर म्हणाले, विसरणं आता वाढतच जाईल. बाबांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. घरी आल्यावर सुनेला मात्र म्हणाले, "तो माणूस तिथंच उभा आहे गं, धुक्यात. मी सोडून आलो त्याला. एकदा घरी पोचवायला हवं."

येत्या रविवारी सभागृह त्यांच्यासाठी राखून ठेवलं होतं. पुस्तक समोर उघडं असेल तर आठवणीवर विसंबायचं कारण नाही, असा सुनेचा हिशेब. अक्षर मोठं घेतलं होतं ते त्यासाठीच.

तिनं पुस्तक घडीच्या लाकडी स्टँडवर उघडून ठेवलं. ते क्षणभर उघडं राहिलं, मग एकेक पान उठत गेलं आणि पुस्तक मिटलं. तिनं पुन्हा उघडलं. पुन्हा मिटलं.

"तुझ्यावर गेलंय," नवरा दारातून म्हणाला. "जरा कुणी बघायला लागलं की मिटतं."

"माझ्यावर नाही, तुमच्यावर. पोटातलं काही म्हणून बाहेर काढत नाही."

तिनं तळहातानं पुस्तक मधोमध दाबलं. पाठीच्या डिंकातून कट्‌ असा आवाज आला आणि एक पान अलगद तिच्या हातात आलं. बाबांनी ते मागून घेतलं, उजेडाकडे धरलं आणि वाचायला लागले. कागद इतका पातळ की पाठीमागची छपाई पुढे उमटलेली, आणि वरची शाई फिकी. बाबा धुक्यातून निघाले, दोन ओळी चालले, आणि मागच्या पानात शिरले. तिथं दुसऱ्याच गोष्टीतलं ऊन पडलं होतं.

"धुक्यात ऊन कुठून आलं?" त्यांनी विचारलं. पान खाली ठेवून ते खिडकीबाहेर बघत राहिले, जणू उत्तर तिकडून येणार होतं.

दुसऱ्या दिवशी सून पुस्तक घेऊन छापखान्यात गेली. शाईकाकांनी ते उलटंपालटं करून पाहिलं. "मशीननं काढलंय, वहिनी. मशीन काही मुद्दाम करत नाही."

"मुद्दाम नाही केलं, पण केलं तर आहे ना," आतून आवाज आला. तो बाइंडरबाईंचा. छापखान्याच्या मागच्या खोलीत त्यांचं टेबल होतं आणि निम्म्या गावाची फाटकी पुस्तकं त्यांच्या हातून पुन्हा उभी राहिली होती. त्यांनी सुटलेल्या पानाच्या दोन चिंध्या फाडल्या, एक उभी, एक आडवी, आणि जिभेनं ओल्या केल्या. एक चिंधी मऊपणे लवली. दुसरीच्या कडा लाटेसारख्या वाकड्यातिकड्या झाल्या.

"कागदाला कल असतो," त्या म्हणाल्या. "गवत कसं एका अंगाला निजतं, तसा. पुस्तकाच्या पाठीशी तो समांतर हवा. शाईकाकांनी एका तावात चार पानं जास्त बसावीत म्हणून कागद आडवा घातला. आता प्रत्येक पान मिटायला धडपडतंय. त्यात नुसता डिंक, टाका एक नाही."

"तुम्ही मला कधी सांगितलंत हे?" शाईकाका म्हणाले.

"दर वर्षी सांगते. तुम्ही मशीनचा आवाज ऐकत असता."

सगळ्या प्रती नव्यानं करायच्या तर वीस दिवस लागणार होते. रविवार तीन दिवसांवर होता. सुनेनं विचारलं, "आणि एकच प्रत? एका माणसासाठी?"

बाइंडरबाई तिच्याकडे बघत राहिल्या. त्या माणसाला त्या ओळखत होत्या. "एक होईल. जाड कागद, कल उभा, शाई काळी. मुखपृष्ठावर पापुद्रा, चकचकता नको, मंद. बाकी शिवण मी बघते. तू घड्या घालायला ये."

शनिवारी दुपारी दोघी टेबलापाशी समोरासमोर बसल्या. शाईकाका पानं छापून लेकीकडे निघून गेले होते आणि पुढच्या दाराला कुलूप होतं. मशीन गप्प. खळीचा कोमट वास, खिडकीतून आत आलेला उन्हाचा एक पट्टा, आणि त्यात तरंगणारे कागदाचे कण. सून गुळगुळीत पट्टीनं घडी दाबायची आणि पुढे सरकवायची. बाइंडरबाई मेण लावलेला दोरा घडीच्या मधोमध घालून बाहेर काढायच्या. आत, बाहेर, आत. त्या लयीत सुनेचे डोळे जड झाले. ओळी तिला पायऱ्यांसारख्या दिसायला लागल्या, एकीखाली एक, आणि कुणीतरी कंदील घेऊन त्यांवरून उतरत होतं.

"हे 'ने' कसं?" बाइंडरबाई म्हणाल्या.

सून दचकली. "काय?"

"'थोडं पुढे ने' छापलंय इथं. कंदीलवाल्याचं धृपद. ते 'ये' आहे."

"'ने'च आहे की. मी वीस वर्षं ऐकतेय."

"कुठून?"

सभागृहात बसून सुनेनं ते कधी ऐकलंच नव्हतं. स्वयंपाकघरातून, सुरू असलेल्या नळाच्या आवाजातून, असं उत्तर होतं.

"अगं, मी दर वेळी पहिल्या रांगेत असते," बाइंडरबाई हलकेच म्हणाल्या. "आम्ही सगळे म्हणतो ते. थोडं पुढे ये. धुक्यातून देव म्हणतो त्याला."

सुनेच्या हातातली पट्टी तशीच राहिली. तिच्या मनात ते कंदीलवाल्याचं बोलणं होतं. तो देवाला म्हणत होता, थोडं पुढे ने. तीही म्हणत आली होती. धाकटी तापानं फणफणली होती तेव्हा, नवऱ्याचं काम सुटलं तेव्हा, चुलीसमोर ओठ न हलवता. थोडं पुढे ने. एका अक्षराची चूक तिनं वीस वर्षं प्रार्थना म्हणून वापरली होती आणि तिला कधी चूक वाटली नव्हती.

"किती ठिकाणी आहे?" तिनं विचारलं.

"अकरा. खरवडायला गेलं तर भोकं पडतील. पुन्हा छापायचं तर शाईकाका सोमवारी येणार." बाइंडरबाईंनी दोरा दातानं तोडला. "सांग त्यांना आजच. मंचावर पहिल्यांदा दिसायला नको."

संध्याकाळी तिनं सांगितलं. बाबांनी नवं पुस्तक मांडीवर घेतलं, मुखपृष्ठावरून अंगठा फिरवला आणि अंगठा बघितला. स्वच्छ होता.

"ने?"

"हो. माझ्या ऐकण्यात चूक झाली, बाबा."

"कोण म्हणतं ते?"

"कंदीलवाला."

"माझ्या गोष्टीत तो काहीच म्हणत नाही," बाबा म्हणाले. "नुसता चालतो." मग ते स्वतःशीच दोन्ही अक्षरं घोळवत राहिले, ये, ने, ये, ने, मुलाला झोपवावं तसं, आणि स्वतःच झोपले.

सकाळी नाश्त्याला त्यांनी पुस्तक उचललं. "फार छान झालंय गं. कशाचं आहे?"

नवऱ्यानं सुनेकडे पाहिलं. ती म्हणाली, "तुमच्या गोष्टी आहेत, बाबा. वाचाल ना आज?"

"वाचू की. बघू कुठवर जातं."

सभागृह भरलं होतं. बाबांना मंचावर नवऱ्यानं नेलं. सून स्टँडपाशी गेली, पुस्तक कंदीलवाल्याच्या पानावर उघडलं आणि हात काढून घेतला. पानं जराशी हलली, जागा करून घेतल्यासारखी, आणि निवांत पडून राहिली. ती मागे जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली. बाइंडरबाई पहिल्या रांगेत होत्या.

बाबांनी सुरुवात केली. आवाज बारीक होता, पण सुरात. बोट ओळीवरून सरकत होतं. धुकं आलं. कंदील पेटला. माणूस घरापासून लांब होता आणि वाट दिसत नव्हती. मग बोट थांबलं. ती ओळ आली होती.

बाबा पानाकडे बघत राहिले. पुढच्या रांगेत कुणीतरी खोकलं. मग जसं छापलं होतं तसं त्यांनी गायलं.

"थोडं पुढे ने."

आणि सभागृह, ज्याला चाळीस वर्षांची सवय होती, सवयीनं म्हणालं, "थोडं पुढे ये."

बाबांनी मान वर केली. आवाज कुठून आला ते बघत असावेत तसे ते समोरच्या माणसांच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवत राहिले. मग पानाकडे न बघताच, दोन्ही हात वर करून, ते म्हणाले, "थोडं पुढे ने."

"थोडं पुढे ये."

आता लोकांनाही कळलं होतं की काहीतरी वेगळं चाललंय. कुणी सुधारायला गेलं नाही. बाबा मागत होते आणि सगळं सभागृह त्यांना बोलावत होतं. पुन्हा, पुन्हा, हळूहळू वर चढत. सुनेचे ओठ हलत होते, पण ती 'ने' म्हणतेय की 'ये', हे तिचं तिलाही कळत नव्हतं. बाइंडरबाई मागे वळून तिला शोधत होत्या. सापडल्यावर त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा पुढे वळल्या.

बाबा स्टँडपासून दोन पावलं बाजूला गेले होते. हात हवेत, डोळे मिटलेले. त्यांच्याशिवाय पुस्तक उघडंच होतं. दारातून वाऱ्याची एक झुळूक आली, वरचं पान किंचित उचललं गेलं आणि पुन्हा जागच्या जागी बसलं.

हळूहळू आवाज उतरत शांत झाला. बाबांनी डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिलं, आणि जवळ येऊन पुस्तकावर वाकले. बोट पानावर ठेवलं, धृपदावरून खाली घसरू दिलं, आणि पुढची ओळ मोठ्यानं वाचली.

"समोर त्याला एक दार दिसलं."