गिअर दाणकन टाकणारी

नवरा खुर्चीत बसून हुकूम सोडत होता आणि बायको काठावर काढून ठेवलेल्या बोटीच्या मागच्या बाजूला गुडघ्यांवर बसून ते झेलत होती. नवऱ्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. तो स्टुलावरून पडला होता. स्टूलही त्यानेच दुरुस्त केलेलं होतं, पण हा विषय घरात काढायचा नाही असं ठरलं होतं.

"वरचा स्क्रू काढ आधी. डावीकडे फिरव. डावीकडे! तुझं डावं कुठलं?"

"तुमचा जो हात मोडायचा राहिलाय, त्या बाजूचं."

नवऱ्याने प्लास्टरचा हात सावरून घेतला.

या बाईला धक्क्यावरचे सगळे 'कप्तानीण' म्हणत. रोज सकाळी माणसं, भाजीच्या टोपल्या आणि टपालाची थैली घेऊन ती खाडीपलीकडे जाई आणि संध्याकाळी परत येई. बोट चालवायची तिने, राखायची त्याने, अशी लग्नाइतकीच जुनी वाटणी होती. मेकॅनिकला तो बोटीजवळ फिरकू देत नसे. जे आपण घरी फुकटात बिघडवू शकतो ते दुसऱ्याकडून पैसे देऊन कशाला बिघडवून घ्यायचं, असं तो म्हणत नसे, पण करी तेच.

गेल्या हंगामाच्या शेवटी बोट भर पाण्यात बंद पडली. इंजिन धडधडत होतं, पण त्याचा जोर पंख्यापर्यंत पोहोचेना. या बोटीचं इंजिन असतं पोटात आणि पंखा असतो बाहेर पाण्यात. दोघांना जोडणारा, गिअरांनी भरलेला जो जाडजूड पाय मागे लोंबतो, तो ड्राइव्ह. त्या ड्राइव्हमधल्या वरच्या गिअरांचे दात झिजून तुटले होते. एका मच्छीमाराने दोर बांधून सगळ्यांना ओढून आणलं. धक्क्यावर उतरणाऱ्या माणसांसमोर नवरा म्हणाला, "मला ठाऊकच होतं. ही बाई गिअर दाणकन टाकते. भांडणानंतर दार आपटावं तसा."

लोक हसले. नवऱ्याला हसणारे लोक मिळाले की निर्णय सुचतात. त्याने तिथेच जाहीर केलं की पुढच्या हंगामापासून बोट त्याचा धाकटा भाऊ चालवील. या भावाचा बोटीचा अनुभव म्हणजे तो एकदा बोटीत बसला होता आणि सगळा वेळ कठड्यावरून वाकून, खाल्लेलं परत करत, पाण्याशी बोलत होता.

सगळ्यात वाईट म्हणजे तिने ते खरं मानलं. फेऱ्या बंद असलेले सगळे महिने ती कपाटाचं दारही दोन हातांनी, तान्ह्या बाळाला निजवावं तसं लावत होती. नवऱ्याने नवे गिअर स्वतः बसवले, मग तो पडला, आणि उरलेलं काम तिच्या गळ्यात आलं. दुपारी क्रेन बोट पाण्यात सोडणार होती. उद्या सकाळी पहिली फेरी, आणि त्या फेरीला चाकावर दीर.

"आता ड्राइव्हवरचा जस्ताचा ठोकळा बदल," नवरा म्हणाला. "तसा जुना नव्यासारखाच आहे म्हणा. मीच राखलाय."

ठोकळा खरोखर नव्यासारखा होता. पांढराशुभ्र, चकचकीत. ड्राइव्हची मात्र जागोजागी खड्डे पडून चाळण झालेली. तिने नव्या ठोकळ्याचं वेष्टन उलटसुलट करून पाहिलं. त्यावर रंगाच्या ब्रशचं चित्र होतं आणि त्या चित्रावर लाल फुली.

"अहो, याला रंग कोणी दिला?"

"मी. दरवर्षी. दोन हात. गंजू नये म्हणून."

खाऱ्या पाण्याला धातू खायचाच असतो. त्याने तो ठोकळा खावा आणि बाकीच्यांना सोडावं, अशी ही तडजोड. घरात एकाने बोलणी खाल्ली की बाकीचे शाबूत राहतात, तसं. नवऱ्याने त्या ठोकळ्यालाच चिलखत चढवलं होतं.

"इथे लिहिलंय रंग देऊ नका."

"कागदावर काय, काहीही लिहितात." सूचना वाचणं म्हणजे त्याच्या घराण्यात शरण जाणं. "तू तेल घाल. वरच्या भोकातून. एक डबा. बाकीचे दोन परत करायचेत, दुकानदाराने गळ्यात मारलेत. तो पंपही."

"वरूनच घालायचं?"

"मग काय खालून? तेल खाली जातं. पृथ्वीचा नियम आहे."

तिने नवा ठोकळा बिनरंगाचाच बसवला, खालचा स्क्रू घट्ट केला, वरच्या भोकात नरसाळं लावलं आणि तेल ओतलं. डबा संपता संपता तेल काठाशी आलं आणि बाहेर ओघळलं.

"बघ! एक डबा. तुला सांगतो, दरवर्षी एकच."

ती स्क्रू लावणार, तेवढ्यात त्या भोकाने मोठा ढेकर दिला. एक बुडबुडा फुटला आणि तेल खाली गेलं.

"हे काय?"

"पोट भरलं त्याचं."

ती त्या भोकाकडे पाहत राहिली. अरुंद तोंडाच्या बरणीत घाईने तेल ओतलं की ते तोंडाशी अडतं. खाली हवा बसलेली असते, ती वर यायला वाट मागत असते. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. स्वयंपाकघरात ओटा पुसून पुसून कळलं होतं.

तिने खाली परात सरकवली, सगळं तेल काढून परत डब्यात भरलं आणि खिळ्यावरचा तो गळ्यात मारलेला पंप वेष्टनातून सोडवला.

"अगं काय करतेस? अगं, चढावर तेल?"

पंपाची नळी तिने खालच्या भोकात घट्ट बसवली आणि दांडा रेटू लागली. वरच्या भोकातून हवा फुसफुसत बाहेर येऊ लागली. एक डबा गेला. वर तेलाचा पत्ता नाही. दुसरा गेला. तिसरा अर्धा झाला, तेव्हा कुठे वरून तेल आलं, एकही बुडबुडा नसलेलं, मधासारखं. तिने आधी वरचा स्क्रू लावला, मग झटकन खालचा. आणि मग ती उभी राहिली.

"अडीच डबे," ती म्हणाली.

नवऱ्याने प्लास्टर खाजवलं. "जुन्या यंत्राची तहान वाढते."

"वाढते? अहो, तुम्ही इतकी वर्षं त्याला अर्ध्या पोटी राबवलंत! वरचे दात कोरडे फिरत होते. कोरडे! आणि झिजून तुटले तेव्हा नाव कोणाचं? माझं! चारचौघांत, धक्क्यावर! मी घरात दारं हळू लावतेय महिनोन् महिने. चमचा ठेवताना आवाज झाला तर दचकतेय. आणि तुम्ही रोज जेवायला बसून पाहत होतात, आणि बरं वाटत होतं तुम्हाला!"

"हळू बोल. लोक ऐकतील."

"ऐकू देत की! माझ्या वेळी कुठे हळू बोललात?"

नेमका त्याच क्षणी दीर आला. त्याच्या डोक्यावर नवी कोरी कप्तानाची टोपी होती. "काय वहिनी, झाली का माझी बोट तयार?"

"भावजी, टोपी काढा."

त्याने काढली. का काढली ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"यांना विचारा, बोट कोणी मोडली."

दिराने भावाकडे पाहिलं. भावाने क्रेनकडे पाहिलं. "तेल जरा कमी पडत असेल," तो म्हणाला. "आता गेलं ते गेलं. बरं, तूच चालव. मी कधी नको म्हटलं?"

"खरंच?" दिराचा चेहरा उजळला. "मला तर काल रात्रीपासूनच मळमळतंय."

नवऱ्याला वाटलं, मिटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोट भरली. टोपल्या लागल्या, टपालवाल्याने थैली मांडीवर घेतली, शाळेची बाई छत्री मिटून बसली. कप्तानीण चाकावर होती. तिने इंजिन चालू केलं नाही. किल्ली मुठीत धरून ती बसून राहिली.

"काय झालं?" नवरा धक्क्यावरून म्हणाला.

"सांगा यांना."

"काय सांगू?"

"जिथे उभे राहून मागे सांगितलंत, तिथूनच सांगा. मी काही घाईत नाही."

माणसं घड्याळं पाहू लागली. नवऱ्याने आभाळ पाहिलं, पायातली चप्पल पाहिली. शेवटी म्हणाला, "आमच्या तेलाचं जरा..."

"आमच्या नाही."

"माझं. तेल मी कमी भरलं होतं. त्याने मोडली."

"मागच्या बाकापर्यंत ऐकू आलं नाही."

"मी मोडली!" तो ओरडला. "मी! झालं?"

कोणी हसलं नाही. टपालवाल्याने थैली सावरली. "चला आता, कप्तानीणबाई. आम्हाला ते माहीतच होतं."

तिने मान वळवली. "काय माहीत होतं?"

"बंद पडली तेव्हा सरळच तर चाललो होतो. तुमचा हात गिअरवर नव्हताच. मी तुमच्या मागेच बसलो होतो."

"मीही पाहिलं," शाळेची बाई म्हणाली.

"आणि कोणी बोललं नाही?"

"नवरा-बायकोच्या मध्ये कोण पडतं हो?" टपालवाला समजूतदारपणे म्हणाला.

कप्तानीण एकेका चेहऱ्याकडे पाहत गेली. धक्क्यावर एकच माणूस उभा होता. बोटीत गप्प राहिलेल्यांची पूर्ण तीन बाकं भरली होती.

"दोर सोडा," ती नवऱ्याला म्हणाली. त्याने डाव्या हाताने सोडला. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं आणि बोट अशी सुटली की टोपल्यांतले कांदे घरंगळत मागे गेले आणि टपालवाल्याने थैलीऐवजी कठडा धरला. पलीकडच्या काठापर्यंत तिने वेग कमी केला नाही. उतरताना शाळेची बाई मात्र थांबली. तिला काहीतरी बोलायचं होतं.

"संध्याकाळी बोला," कप्तानीण म्हणाली, "धक्क्यावर. सगळ्यांसमोर."