जॅमच्या बरणीतला बर्फ

दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या माणसाला शेजारीपाजारी दुसरं काय म्हणणार? कवळीवाले काका. डॉक्टर तोंडाची मापं पाठवत आणि काका घराच्या मागच्या खोलीत बसून दात घडवत. हाताला अशी सफाई, की त्यांनी बसवलेले दात भल्याभल्यांना खोटे वाटत नसत. खोड एकच. काम हातावेगळं करवत नसे. झालं झालं म्हणता म्हणता पुन्हा घासायचे, पुन्हा पॉलिश करायचे. बायको म्हणायची, "अहो, लोकांना त्यानं जेवायचंय. तोंड नाही बघायचं त्यात."

नाताळच्या बरण्या हे मात्र बायकोचं खातं. वर्षभर ती जॅमच्या रिकाम्या बरण्या धुऊन ठेवायची. डिसेंबर लागला की झाकणाच्या आतल्या बाजूला प्लास्टरचं घर चिकटवायची, एखादं झाड लावायची. मग बरणीत उकळून गार केलेलं पाणी, त्यात चमचाभर ग्लिसरीन, मूठभर पांढरी चमकी. झाकण घट्ट लावून बरणी उलटी केली की घर सरळ उभं राहायचं आणि त्याच्यावर बर्फ पडायला लागायचा. ग्लिसरीन कमी पडलं तर बर्फ खड्यांसारखा खाली येतो, जास्त झालं तर येतच नाही. तिचा हात कधी चुकला नाही. एक बरणी दरवर्षी ठरलेली असायची, नातीची.

यंदा बायको नव्हती. ऑक्टोबरातच गेली.

"आजीची बरणी कोण करणार?" नातीनं फोनवर विचारलं. काका बोलून गेले, "मी करतो की!" बोलले आणि फसले. कारण काकांना साधं काही जमत नाही. घर घडवलं, त्याला खिडक्या कोरल्या, दार कोरलं. मग वाटलं, घरापुढे आजी हवी. बायकोनं बरण्यांत माणूस कधी ठेवला नव्हता. विचारलं तर म्हणायची, "उगाच कशाला कोणाला आत कोंडून ठेवायचं?" काकांनी आठवूनही ते कानाआड केलं. मेणात तिची बोटभर मूर्ती कोरली, ती कवळीच्या पांढऱ्या मसाल्यात ओतली. अंगावर लांब कोट, एका हातात पिशवी, दुसरा हात खाली सोडलेला, आणि तोंडभर हसू. सुईच्या टोकानं एकेक दात काढला.

राहिला बर्फ. बाजारातली चमकी त्यांना भिकार वाटली. तरंगते काय, चिकटते काय! बर्फ कसा, जरा वजनाचा हवा, सावकाश उतरणारा. आणि मग त्यांना खणातली डबी आठवली.

डबीत बायकोची कवळी होती. अडतिसाव्या वर्षी तिचे दात गेले तेव्हा काकांनीच पहिली कवळी करून दिली होती, आणि ही शेवटची. आजारात ती निम्मी झाली, हिरड्या आटल्या, कवळी तोंडात खुळखुळायला लागली. काका म्हणाले, "दे, तासाभरात नीट करून आणतो." ती नको म्हणत होती. तरी त्यांनी हॉस्पिटलातून कवळी घरी नेली. तासाभराचं काम, पण मनासारखं बसेना. आतून भरली, घासली, पुन्हा भरली. दोन दिवस गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी ते पॉलिश करत होते. मोटरच्या आवाजात फोन ऐकू आला नाही. हॉस्पिटलात पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. तिला निरोप देतानाही ती कवळी त्यांच्या कोटाच्या खिशातच होती, अगदी चकचकीत.

फेकवेना आणि बघवेना अशी ती वस्तू. काकांनी हिरड्यांचा गुलाबी भाग कापून बाजूला काढला आणि दात तेवढे कानशीनं घासून त्यांचा कीस केला. तिचंच काहीतरी नातीच्या हातात जाईल, असं त्यांना वाटलं. त्यांना ते प्रेमच वाटलं, देवाशपथ. दुसरा कोणी असता तर शहारला असता. पण चाळीस वर्षं दातांत हात घालणाऱ्या माणसाला दाताची कसली शिसारी?

बर्फ मात्र असा पडला की काका बघतच राहिले. मऊ, सावकाश. शेवटचा कण खाली टेकला आणि त्यांनी बायकोकडे पाहिलं.

तिचा मोकळा हात तोंडावर होता.

काकांनी चष्मा पुसला. बरणी पुन्हा हलवली. बर्फ बसला, हात तोंडावरच. हा मसाला एकदा घट्ट झाला की वाकत नाही. वाकवायला गेलं तर तुटतो. काकांएवढं ते कोणाला ठाऊक असणार? झाकण उघडायला गेले तर उघडेना. पाणी झिरपू नये म्हणून त्यांनी स्वतःच ते कायमचं चिकटवून टाकलं होतं. फोडावी म्हटलं, तर आत ती.

नाताळच्या आदल्या दिवशी, दुपारी लेक बरणी न्यायला आली. तिनं बरणी उजेडात धरली आणि तिचा चेहराच उतरला.

"बाबा, आईचा हात असा का हो केलात तोंडावर?"

"मी नाही केला."

"मग कोणी केला?" लेक खुर्चीत बसली. "शेवटचे दोन दिवस ती अश्शीच होती. तोंडावरचा हात काढेना, एक शब्द बोलेना. मी म्हटलं, आई, अगं बाबांना बोलावू का? तर मान हलवली, नको म्हणून. तुम्ही बिनदाताचं बघाल म्हणून." तिनं बरणी टेबलावर ठेवली, जरा लांबच. "मी ही पोरीला नाही देणार. आईनं गेल्या वर्षी केलेली आहे घरी, तीच ठेवते झाडाखाली."

लेक गेली. काका त्या खुर्चीसमोर बसून राहिले. म्हणजे ती आपल्याला हाक मारू शकत होती, आणि आपल्यालाच लाजून तिनं मारली नाही. ही लाज तिला लावली कोणी? काकांनीच. त्यांचे स्वतःचे दात तर तिच्याही आधी गेलेले. पण कवळीवाल्याचंच बोळकं कोणी कशाला बघावं, म्हणून त्यांनी घरातही कधी तोंड उघडं पडू दिलं नव्हतं. दिवा मालवल्यावर पाठ फिरवून कवळी पेल्यात, आणि पहाटे ती उठायच्या आत तोंडात. तिचे दात गेल्यावर तिनं तोच शिरस्ता उचलला. एका पलंगावर दोन पाठी आणि दोन बाजूंना दोन पेले. चौतीस वर्षांत नवऱ्यानं बायकोचं आणि बायकोनं नवऱ्याचं खरं तोंड पाहिलं नव्हतं.

बाहेर संध्याकाळ व्हायला आली होती. काकांनी बरणी जवळ ओढली. मग वरची कवळी काढली, खालची काढली आणि टेबलावर ठेवली. गाल आत गेले, हनुवटी वर आली. कोणासमोर असं बसायची त्यांची ही पहिलीच वेळ. त्यांना रडू आलं, पण तोंड झाकायचं नाही म्हणून दोन्ही हात त्यांनी मांड्यांखाली दाबून धरले.

"चुकलो गं मी," ते म्हणाले. शब्द हवेत फसफसले. "मला तुझे दात नको होते. तू हवी होतीस. नुसतं येऊन बसायचं होतं मी."

बरणीला कोणी हात लावला नव्हता, तरी तळचा बर्फ उठला. घर दिसेनासं झालं, ती दिसेनाशी झाली. बर्फ हळूहळू खाली आला.

तिचा हात खाली होता. काकांनी कोरलेलं ते दातांचं हसू तिथे नव्हतं. आत वळलेले ओठ, बसलेले गाल, अशी एक म्हातारी त्यांच्याकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. काकांनी तिला कधीच पाहिलं नव्हतं, आणि ती तीच होती. पण खोलीत अंधारून आलेलं. ओठ नीट दिसेनात.

"थांब हं, मला नीट बघू दे," म्हणून काका उठले, कामाच्या टेबलावरचा दिवा लावला, त्याची मान वाकवून उजेड बरोबर बरणीवर पाडला, जरा डावीकडे, मग जरा खाली, काचेवर चमकणार नाही असा.

आत घर होतं आणि सपाट पांढरा बर्फ होता. त्यावरून इवलीशी पावलं दारापर्यंत गेली होती आणि दार लागलेलं होतं.

काकांनी बरणी हलवली नाही. पावलं पुसली गेली असती. दिवा लावायला गेलो नसतो, तर ती काय म्हणत होती ते कळलं असतं, एवढंच पुन्हा पुन्हा त्यांच्या मनात येत राहिलं.