बंदराकडे पाठ

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी 'जलवेध' ही संशोधन नौका रत्नागिरी बंदराच्या तोंडाशी वळली आणि पुन्हा दक्षिणेला निघाली.

आकाराम चौगुले तेव्हा कोल्हापुरात, गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर उभे होते. त्यांनी ते फोनवर पाहिले. नकाशावरचा हिरवा ठिपका म्हणजे नौका, आणि नौकेवर त्यांची एकुलती एक मुलगी, पूर्णिमा.

म्हशीची धार काढता काढता पिराजी गवळ्याने विचारले, "काय मामा, आलं का जहाज रंकाळ्यात?"

"वळलं की रं."

"कुणीकडं?"

चौगुल्यांनी दुधाचा पेला कट्ट्यावर ठेवला. पेल्यातल्या दुधावरचा फेस बसला. त्यांनी पूर्णिमाला फोन लावला. तो वाजला, वाजत राहिला, बंद झाला.

ती आज संध्याकाळी घरी यायची होती. उद्या इथल्या एका कॉलेजात तिची मुलाखत होती. नोकरी लागली तर ती कोल्हापुरातच राहणार होती. बायको गेल्यापासून चौगुले घरात एकटेच. पूर्णिमाची गादी त्यांनी कालपासून गच्चीवर उन्हाला टाकली होती.

नौका लहान, दहा-बारा माणसांची. किनाऱ्यालगत ठरलेल्या जागी थांबायचे, दोराने बाटल्या सोडून वेगवेगळ्या खोलीवरचे पाणी घ्यायचे, तळाचा गाळ उपसायचा, हे तिचे काम. पहिल्या सफरीत ठिपका हलेना म्हणून चौगुल्यांनी नौका बुडाली असे समजून पोलिसांना फोन केला होता. पूर्णिमा पोट धरून हसली होती.

"पप्पा, थांबली म्हणजे कामाला लागली. बुडालो तर मीच फोन करतो की!"

मग तिने समजावून सांगितले होते. नौका कप्तान चालवतो, वादळ आले तर शब्द त्याचाच. एरवी कुठे जायचे आणि किती थांबायचे, ते सफरीचा प्रमुख शास्त्रज्ञ ठरवतो.

या सफरीची प्रमुख पूर्णिमा होती.

रत्नागिरीत आभाळ स्वच्छ होते, वारा मंद. चौगुल्यांनी तेही फोनवर पाहून घेतले. तिचा शेवटचा संदेश काल संध्याकाळचा होता: 'विजयदुर्गाजवळ पाणी हिरवं झालंय. मासे मरून तरंगायलेत. असं कधी बघितलं न्हवतं. सकाळी बंदराला लागतो, संध्याकाळी घरात.'

दुपारी शेजारच्या बायडाबाई जिन्यातून ओरडल्या, "आकाराम, गादी आत घे की! जळंल उन्हानं."

"असू द्या अजून, मावशी."

"पोरगी कवा येतीया?"

"निघंल आता."

त्यांनी पुन्हा फोन लावला. आता तो लागतच नव्हता.

रत्नागिरीहून शाहूवाडीमार्गे येणारी शेवटची एसटी सुटायची वेळ झाली, तेव्हा ठिपका विजयदुर्गासमोर होता. वेग शून्य.