अम्माच्या जागेवर

“सार, पोळ्यात मुकादम कुठली माशी असते?”

आर्द्रा उभी राहिली तेव्हा मागे बसलेल्या फौसियाने जिन्सीच्या मांडीला करकचून चिमटा काढला. पैज साधी होती. कोचीहून आलेल्या पाहुण्यांना सगळ्या कारखान्यादेखत हा प्रश्न विचारायचा. विचारला तर पोटभर पळमपोरी, म्हणजे केळ्याची भजी, कारखान्याबाहेरच्या टपरीवरची, केळं अख्खं आणि तळण ताजं. नाही विचारला तर दोघींची दप्तरं आर्द्राने वाहायची, थेट परीक्षेपर्यंत. आर्द्राने विचारला. आणि विचारून खाली बसायच्या ऐवजी ओढणी कमरेला खोचून ती तशीच उभी राहिली.

मांडव काजू वाळवायच्या अंगणात घातला होता. दरवर्षी कारखान्याच्या वाढदिवसाला बायका पोराबाळांसकट येत, आणि बसायचं कसं हे कुणाला सांगावं लागत नसे. पुढे खुर्च्यांवर प्रतवारीच्या बायका, मधे बाकांवर साल सोलणाऱ्या, आणि सगळ्यांत मागे चटयांवर बिया फोडणाऱ्या. हसू मात्र मागून सुरू झालं. फोडणाऱ्यांनी खांद्यावरचे पंचे तोंडाला लावले, मग सोलणाऱ्या खुसखुसल्या, आणि शेवटी खुर्च्याही हलायला लागल्या. फक्त अम्मा हसली नाही. मांडीखाली हात दडवून ती लेकीकडे ‘बस खाली’ अशा डोळ्यांनी बघत राहिली.

पाहुण्यांमागच्या पडद्यावर भलंमोठं मधाचं पोळं होतं आणि त्याखाली ठळक अक्षरं : निसर्गाची शिकवण – ज्याचं काम त्याने करावं. मॅनेजर पिळ्ळैसार पहिल्या रांगेत मान डोलवत बसले होते, ती आता थांबली.

पाहुण्यांचं नाव जेकब. माणूस हसतमुख होता, आणि प्रश्नाने तर एकदम खुलला. “मुकादम नसते, मोळे,” लेकीला हाक मारावी तसं ते म्हणाले. “राणीसुद्धा कुणाला हुकूम देत नाही. बिचारी अंडी घालते. खरी गंमत पुढे आहे. माशी जन्मली की आधी खोल्या झाडते. मग पिल्लांना भरवते. मग मेण काढून भिंती बांधते, मग दारावर पहारा, आणि सगळ्यांत शेवटी बाहेर उडून मध आणते. एकच माशी! आणि गरज पडली तर उलटंही. भरवणाऱ्या कमी पडल्या तर बाहेर उडणाऱ्या घरात परत येतात, पिल्लं सांभाळतात. अडून कुणी बसत नाही, म्हणून पोळं टिकतं.”

पळमपोरी जिंकून झाली होती. आर्द्राने बसायला हरकत नव्हती. फौसियाने तिचा कुर्ताही ओढला. पण तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या.

“मग माझी अम्मा माझ्या जन्माच्या आधीपासून एकाच दालनात का आहे, सार?”

आता कुणी हसलं नाही.

“ती बिया फोडते. दगडावर बी, वर दांडका, आणि टरफलातला चीक बोटांवर. ओणमला केळीच्या पानावर सगळे हाताने जेवतात, माझी अम्मा चमचा घेऊन बसते. मिरची लागली की बोटांच्या भेगांत आग होते म्हणून. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, आता हे काम सोडलं नाही तर कातडी भरून यायची नाही. प्रतवारीला खुर्चीवर बसून पांढरे गर निवडायचे असतात. तिथे तिला का नाही बसवत? की तुमच्या पोळ्यात फोडणाऱ्या माश्या वेगळ्या जन्माला येतात?”

जेकबसारांनी पिळ्ळैंकडे पाहिलं. पिळ्ळैसार उठले, घड्याळाकडे न बघताच वेळ झाल्याचं सांगितलं आणि चहा आणायला लावला.

चहाच्या टेबलापाशी त्यांनीच तिला बोटाने बोलावलं. ती गेली, हनुवटी वर काढून. ओरडतील तर ओरडू देत, आपणही ओरडायचं, एवढं तिने ठरवून टाकलं होतं.

“सुगतनची मुलगी ना? आवाज बापाचाच घेतलायस.” त्यांनी बशीतला चहा फुंकला. “तुझ्या अम्माला मी दोनदा बोलावलंय प्रतवारीला. तीच नको म्हणाली. जा, विचार तिला. खोटं निघालं तर मग येऊन मला शिव्या दे, ऐकून घेईन.”

“काहीतरीच!”

“खरं आहे गं,” मागून जिन्सी पुटपुटली. तिची आई प्रतवारीला होती. “माझ्या अम्माने खुर्चीसुद्धा पुसून ठेवली होती. तुझ्या अम्मा आल्याच नाहीत. मला वाटलं, तुला माहीत असेल.”

दिवसभर पिळ्ळैंवर पाजळून ठेवलेला राग आर्द्राच्या हातात तसाच राहिला. कुणाला मारायचा तेच कळेना. टपरीवर पळमपोरी आली, गरम, तेल निथळणारी. तिने एकही उचलली नाही.

“भवानी, जिंकलीस तू!” फौसिया म्हणाली. “उपास कसला धरलायस?”

“तूच खा. आणि उद्या दप्तर तूच उचल स्वतःचं.”

ती घरी पोचली तेव्हा अम्मा ओट्यावर खवणी घेऊन बसली होती. नारळाची कवड मनगटाने दाबून धरायची तिला सवय झाली होती, बोटं टेकवायची नाहीत. अच्छन, तिचा बाप, पायरीवर होता. मांडीवर वर्तमानपत्र, आणि चेहऱ्यावर जत्रा.

“आली माझी वाघीण!” तो ओरडला. “नाक्यावर चहाच्या दुकानात दुसरा विषय नाही. पिळ्ळैचं तोंड कसं झालं सांग. फणस फुटल्यासारखं? विलासिनी, ऐकतेस ना? सुगतनच्या पोरीने भर मांडवात जाब विचारला!”

हा सगळा आवाज त्याचाच होता, हे खरं. लहानपणी टोपली पालथी घालून तिला त्यावर उभं करायचा आणि म्हणायचा, बोल, शेवटच्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे. तेव्हा तो भट्टीवर बिया भाजायचा. युनियनचा सेक्रेटरीही होता. मग भाजायचं मशीन आलं आणि भट्टीवरचे पुरुष घरी बसले. काहीजण मासळीबाजारात लागले, काही लॉटरीची तिकिटं विकू लागले. सुगतनला वॉचमनचं काम चालून आलं होतं, ते त्याला शोभलं नाही. तो चहाच्या दुकानात बसून जगभरच्या कामगारांची काळजी करायला लागला.

आर्द्रा त्याच्या बाजूने वळसा घालून सरळ ओट्याशी गेली.

“अम्मा, तुला दोनदा बोलावलं होतं प्रतवारीला?”

खवणीचा आवाज थांबला नाही.

“मी विचारतेय काहीतरी. सगळ्यांसमोर तुझ्यासाठी भांडले मी. तूच नको म्हणालीस?”

“हात धुऊन घे. भात वाढते.”

“अम्मा!”

“अगं, ते काय असं उठून जायचं असतं होय?” पायरीवरून अच्छन म्हणाला. त्याने वर्तमानपत्राची घडी घातली. आता भाषण होणार हे तिला कळलं. “मशीन आलं तेव्हा मालकांचा डाव काय होता माहितेय? फोडायच्या दालनातून बाई कमी झाली की तिची जागाच रद्द. एकेक करून सगळं दालन रिकामं. मी गेटसमोर झोपलो त्यासाठी. जेवण सोडलं. आणि करारात घालून घेतलं, की जागा मोकळी पडू द्यायची नाही. बाई दुसरीकडे गेली, तर तिच्या घरातलं कुणीतरी तिच्या दगडासमोर बसेल. त्यावर किती चुली पेटतात आज! त्या दालनातल्या बायका अजून माझ्या नावाने दिवा लावतात.”

“म्हणजे अम्मा प्रतवारीला जायची असेल तर आपल्या घरातलं कुणीतरी फोडायला बसायला हवं.”

“बरोबर.”

“आपल्या घरातलं कोण?”

अच्छनने घडी घातलेलं वर्तमानपत्र पुन्हा उलगडलं.

“तू,” अम्मा म्हणाली. कवड तिने बाजूला ठेवली. “पहिल्यांदा बोलावलं तेव्हा तू आठवीत होतीस. म्हणाले, आत्ता नाव तेवढं लिहून द्या, मुलगी अठराची होईपर्यंत थांबू, तोवर बदली बाई बसवू. दुसऱ्यांदाही तेच म्हणाले.”

“मी तर म्हणालो होतो तिला,” अच्छन घाईने म्हणाला, “नाव द्यायला काय जातंय? तेवढे दिवस तुझे हात सुटले असते. पुढचं पुढे बघितलं असतं. कागदावरचं नाव म्हणजे काय मोठं!”

“कागदावरचं नाव दगडापर्यंत पोचतं.” अम्मा त्याच्याकडे बघत नव्हती. “माझंही पोचलं होतं. तुमचा करार नव्हता तेव्हाही रीत तीच होती. तुमच्या आईने स्वतःच्या दगडावर माझं नाव लिहिलं होतं, मी लग्न होऊन आले त्या महिन्यात. पुढचं पुढे बघू, असंच म्हणाल्या होत्या त्या.”

ती पुन्हा कवड घ्यायला वाकली. आर्द्राने आधी खवणी ओढून घेतली. ती खोबरं खवायला लागली, नको तितक्या जोरात. पांढरं संपून करवंटीचा तपकिरी चुरा ताटलीत पडला तरी थांबली नाही. अम्माने तो चुरा बोटाने वेचायला सुरुवात केली. दुसऱ्या पेरापर्यंत काळी पडलेली बोटं, नखांच्या कडेला उललेली, त्या पांढऱ्या किसात फिरत होती. मग आर्द्राची नजर पायरीकडे गेली. वर्तमानपत्राच्या दोन्ही कडांना अच्छनची बोटं होती. स्वच्छ, भरलेली. अंगठ्याला तेवढी शाई लागलेली.

“आता रुसू नकोस,” तो पानाआडून म्हणाला. “पिळ्ळैला गाठतो मी एकदा. तू उगाच—”

“सोमवारी मी अम्माबरोबर कारखान्यात जाणार आहे.”

खवणी तिने भिंतीला उभी केली आणि दोघं दिसतील अशी उंबऱ्यात जाऊन थांबली. आवाज चढला नव्हता. असं हळू बोलताना तिला घरात कुणी फारसं ऐकलं नव्हतं.

“ऑफिसात जाऊन सांगणार आहे, की अम्मा प्रतवारीला जाईल. आणि तिच्या जागेवर घरातलं नाव लिहून देणार आहे.”

अम्मा ताडकन उठली. मांडीवरचा कीस ओट्यावर सांडला. “डोकं फिरलंय तुझं? मी एवढी वर्षं कशासाठी—”

“माझं नाही, अम्मा.”

अच्छनने वर्तमानपत्र खाली केलं. आधी तो हसला, छान मोठ्याने, आणि हसता हसता अम्माकडे पाहिलं. अम्मा हसत नव्हती. कधी नव्हे ती नवऱ्याच्या हातांकडे टक लावून बघत होती.

“ए, चेष्टा पुरे. भट्टीवर घाम गाळलेला माणूस मी. तिथे सगळ्या बायका बसतात.”

“करारात बाईच हवी असं आहे?”

तो करार त्याला पाठ होता. घरातलं ‘कुणीतरी’, एवढंच त्यात लिहिलेलं होतं.

“नाक्यावरचे लोक काय म्हणतील, मोळे?”

“ते मी ऐकून घेईन,” आर्द्रा म्हणाली. “तुम्ही तेव्हा कामावर असाल. नाव तुमचं देणार आहे, अच्छन. भोंगा सातला होतो.”